सासूबाई चौकटीत मावत नाहीत

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : घरगुती कॉमिक स्ट्रिप

गेल्या अंकात घरगुती स्ट्रिप काढणाऱ्यांकडून प्रश्न मागवले होते. विषय मोकळा होता, पण कोकण किनाऱ्यावरून आलेल्या पत्रांत फिरून फिरून सासूच आली. म्हणून या वेळी पाट तिलाच मांडला आहे.

प्रश्न : मी चार चौकटींची स्ट्रिप काढते. नवरा, बायको, सासू आणि शाळकरी मुलगी अशी चार पात्रं आहेत. सासू करारी दाखवायची म्हणून ती सतत ओरडते. सुरुवातीला सगळे हसले; आता घरचेसुद्धा चौथी चौकट येण्याआधीच पान उलटतात. कुठे चुकतंय? (देवगड)

पाठवलेल्या सहाही स्ट्रिपमध्ये सासू पहिल्याच चौकटीत डोळे वटारून उभी आहे. तोंड उघडं, बोट रोखलेलं, बोलण्याच्या फुग्यात तीन उद्गारचिन्हं. मग पुढच्या तीन चौकटींत तिनं जायचं कुठे? वर चढायला जागाच ठेवलेली नाही, आणि वाचकाला हे दुसऱ्याच स्ट्रिपला कळतं.

करारी सासूचा दरारा आवाजात नसतो, ताब्यात असतो. पेन्सिल हातात घेण्याआधी घरातल्या वस्तूंची एक यादी करा : फडताळाची किल्ली, मिठाची बरणी, विळी, गॅसचं बटण, देवघरातलं निरांजन, फ्रिजचा खालचा कप्पा, रिमोट, वायफायचा पासवर्ड. प्रत्येकीपुढे ती कोणाच्या हुकमतीत आहे ते लिहा. एखादी वस्तू या हातातून त्या हातात गेली, किंवा जायला हवी होती आणि गेली नाही, की स्ट्रिप तयार.

उदाहरण घ्या. पहिली चौकट : सून विळीवर बसून नारळ खवतेय, सासू दारात, चौकटीच्या कडेनं अर्धीच दिसते. दुसरी : तीच चौकट, सासू दोन पावलं जवळ, संवाद नाही. तिसरी : फक्त वाटी, पांढऱ्या खोबऱ्यात करवंटीलगतच्या तपकिरी रेघा. चौथी : विळीवर सासू, शेजारी वाटी धरून उभी सून, आणि सासूचा एकच फुगा : "मी काही बोलले का?"

इथे सासूचं म्हणणं खरं आहे हे लक्षात घ्या. नारळ करवंटीपर्यंत खवला की तपकिरी साल खोबऱ्यात उतरते आणि सोलकढीचा गुलाबी रंग मळकट होतो. सासू निम्म्या वेळा तरी बरोबर असली पाहिजे. नेहमी चुकणारी सासू नुसती दुष्ट होते, आणि दुष्टाचा एकदा निकाल लागला की स्ट्रिप संपते. बरोबर असूनही जाचक वाटणारी सासू वर्षानुवर्षं पुरते.

आता चित्राकडे. तुम्ही सासूला सुनेपेक्षा उंच काढलंय. उलट करा. सासू अडीच डोक्यांची (म्हणजे तिच्याच डोक्याच्या अडीचपट उंच), सून साडेतीन डोक्यांची. उंची कमी असूनही सासू वरचढ दिसावी यासाठी कोकणातलं घर आपसूक मदत करतं : जोतं उंच, ओटीला तीन-चार पायऱ्या, खाली खळं, म्हणजे अंगण. सासू ओटीवर आणि सून खळ्यात वाळवणाशी, की नजर आपोआप वरून खाली येते. ज्या दिवशी सासू खळ्यात आणि सून ओटीवर दिसेल, त्या दिवशी एक शब्द न लिहिता वाचकाला कळेल की घरात काहीतरी उलटंपालटं झालं आहे. ही चाल मात्र जपून वापरा. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा.

चेहऱ्यावर भुवया आणि पापण्या एवढंच हलवा. अर्ध्या मिटलेल्या पापण्या वटारलेल्या डोळ्यांपेक्षा जास्त बोचतात. कमरेवरचे हात दहा स्ट्रिपमध्ये एकदाच. एरवी तिचे हात कामात ठेवा : लसूण सोलणं, वाती वळणं, सुपारी कातरणं. कामातलं बोट मध्येच थांबलं, की तोच तिचा उद्गार.

फुगे एकमेकांवर चढवायलाही शिका. सुनेचं वाक्य अर्धं असताना सासूच्या फुग्याची कड त्यावर आली, सुनेचे शेवटचे दोन शब्द त्याखाली झाकले गेले, की "सासूनं मध्येच तोडलं" हे वेगळं सांगावं लागत नाही. झाकलेले शब्द आधी पूर्ण लिहा आणि मगच वरून फुगा काढा. अर्धवट अक्षरं अंदाजानं काढली तर खोटी दिसतात.

आणि सासू दिसलीच पाहिजे असंही नाही. रेज स्माइथ यांनी १९५७ मध्ये ब्रिटनमधल्या 'डेली मिरर'साठी सुरू केलेल्या 'अँडी कॅप'मध्ये नायकाची सासू वाचकाला दिसत नाही. तिचं बोलणं चौकटीबाहेरून येतं. माजघरातून येणाऱ्या आवाजाला आपल्याकडे याहून चांगली सोय आहे. फुग्याची शेपटी दाराच्या चौकटीत घुसवा, दार अर्धं उघडं ठेवा आणि आत काळोख भरा.

प्रश्न : सासूला मालवणी बोलायला लावावं का? पुण्या-नागपूरच्या वाचकांना कळत नाही असं संपादक म्हणतात. (सावंतवाडी)

लावावं. एका फुग्यात अडणारा शब्द मात्र एकच ठेवा, आणि त्याचा अर्थ चित्रातून कळू द्या. दारात बॅग घेऊन मुलगा उभा आहे आणि सासू म्हणते "झील इलो!", तर नागपूरच्या वाचकालाही कोश उघडावा लागत नाही. पातेल्यावरचं झाकण उचलून ती विचारते "रांदप झाला?", तेही कळतं. पण "माका गजाली नको" हे रिकाम्या भिंतीपुढे उभं राहून म्हटलं तर अडतं. तिथे शेजारीण गप्पा मारायला आलेली दिसायला हवी.

मालवणीतली एक गोष्ट स्ट्रिपसाठी सोन्यासारखी आहे. वयानं लहान मुलीबद्दल, सुनेबद्दल बोलताना नपुंसकलिंग येतं : "ता अजून उठूक नाय." घाटावरच्या वाचकाला यात तुच्छता दिसते, किनाऱ्यावरच्याला त्यात माया पण दिसते. सासू कुढतेय की कौतुक करतेय हे शब्दांत ठरत नाही, ते तुम्ही भुवईनं ठरवायचं. समोरासमोर "काय गो, खंय चललंस?" हा प्रश्न तर चौकशीही आहे आणि अडवणूकही. स्ट्रिपला असा दुधारी शब्द हवाच असतो.

पण मालवणी म्हणजे अख्खं कोकण नव्हे. घर अलिबागच्या बाजूला दाखवलं असेल तर सासूच्या तोंडी 'माका-तुका' घालू नका. तिथे आगरी किंवा कोळी बोली येईल. रत्नागिरीच्या आत गेलात तर संगमेश्वरीची ढब वेगळी. स्वतःला येत नसलेली बोली ऐकीव शब्दांवर लिहू नका; त्यापेक्षा साधी मराठी आणि एखादा हेल पुरे. बोलीवरच हसवू नका, हाही एक मुद्दा. सासू मालवणी आणि सून शुद्धलेखनातून उतरलेली, म्हणून सासू विनोदी, ही फार जुनी आणि आळशी चाल आहे.

संबोधनांकडे तुमचं थोडं दुर्लक्ष झालंय. पाठवलेल्या स्ट्रिपमध्ये सून समोरासमोर "सासूबाई" म्हणताना दाखवलीत. घरात तसं कोण म्हणतं? ती "आई" म्हणते, पण "अहो आई". स्वतःच्या आईला "अगं आई". एवढ्या एका शब्दावर संपूर्ण स्ट्रिप उभी राहते : सून फोनवर "अगं आई, नाही गं, कंटाळलेय" म्हणतेय, मागे पावलं वाजतात, आणि पुढच्या चौकटीत त्याच फोनवर "अहो आई, हो, छान आहे सगळं." पलीकडच्या आईला काय समजायचं ते समजतं, वाचकालाही.

अक्षरांबद्दलही सांगतो, कारण बोलीत मात्रा-अनुस्वारांची गर्दी होते. देवनागरीत ओळीच्या वर मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून इंग्रजी स्ट्रिप पाहून फुग्याचा अंदाज घेतला की तो कमीच पडतो. छपाईच्या दुप्पट आकारात काढत असाल तर शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत ५ मिलिमीटर आणि एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत ११ मिलिमीटर ठेवा. आधी अक्षरं, नंतर भोवती फुगा. फुगा आधी काढून त्यात अक्षरं कोंबली की शेवटची ओळ चिमटलेली दिसते, आणि नेमका विनोद शेवटच्याच ओळीत असतो. एका चौकटीत १२ ते १५ शब्द, पूर्ण स्ट्रिपमध्ये ४०. याहून जास्त लागले तर ती स्ट्रिप नाही, नाटुकलं आहे.

प्रश्न : माझ्या स्ट्रिपमधला नवरा प्रत्येक भांडणात पेपर वाचत बसतो. बायको म्हणते हे खरं आहे, पण मजा येत नाही. (अलिबाग)

खरं असेल, पण त्याच्या हातातला पेपर काढून घ्या. तोंड झाकलेला माणूस काही करत नाही, आणि काही न करणाऱ्या पात्रावर चौकटीतली पाव जागा खर्च होते. सासू-सुनेच्या भांडणात मुलगा हा तिसरा कोपरा आहे. बहुतेक वेळा भांडणाचा फायदा त्यालाच होतो. हेच दाखवा. आईनं केलेले घावणे आणि बायकोनं केलेले घावणे, दोन ताटल्या समोर. तो दोन्ही संपवतो आणि "छान" म्हणतो. तिसऱ्या चौकटीत दोघी एकदम विचारतात : "कुठले?" चौथीत दोघी एका बाजूला, तो एकटा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये रिकाम्या ताटल्या. पात्रांच्या बाजू अशा बदलत ठेवल्या की स्ट्रिप शिळी होत नाही.

मेल लझारस यांची 'मॉमा' ही अमेरिकी स्ट्रिप १९७० मध्ये सुरू झाली आणि चार दशकांहून जास्त चालली. तिच्यातली आई तिन्ही मोठ्या मुलांच्या आयुष्यात नाक खुपसते, थोरल्याची बायको तिला पसंत नाही. तरी ती एवढी टिकली, कारण त्या आईला काहीतरी हवं आहे : मुलांनी यावं, जेवावं, फोन करावा. नुसतं नको-नको म्हणणारी बाई लवकर संपते. तुमच्या सासूला काय हवंय ते एका वाक्यात लिहून टेबलासमोर चिकटवा. "मुंबईच्या मुलानं गणपतीला आठ दिवस राहावं" हे चालेल. "सुनेला त्रास द्यावा" हे चालणार नाही.

दहा स्ट्रिपचा गट ठरवताना साधारण असं वाटप करून पाहा : पाचांत सासू विरुद्ध सून, दोनांत दोघी मिळून मुलाविरुद्ध, एकीत नात सासूच्याच सुरात आईला बोलते, एकीत संवादच नाही, आणि एकीत सासू एकटी. ही शेवटची सगळ्यात अवघड. भिंतीवर तिच्या सासूचा फोटो आहे. ती तो पुसते, सरळ करते, आणि पदर डोक्यावर घेते. फोटोतल्या बाईच्या भुवया हिच्याच वळणाच्या काढा, बस.

प्रश्न : जून ते सप्टेंबर शाई पसरते, कागद लाटेसारखा होतो, निब गंजतात. नेमकं दिवाळी अंकाचं काम त्याच दिवसांत असतं. (रत्नागिरी)

दोष हाताचा नाही, हवेचा आहे. कागदावर शाई पसरू नये म्हणून कारखान्यात त्याला खळ दिलेली असते. पावसाळ्यात कागदाचे तंतू हवेतलं पाणी पितात, फुगतात. तंतूंच्या फटीतून शाई केसासारखी धावते. आर्द्रता सारखी कमी-जास्त होत राहिली की तंतू असमान ताणतात आणि कागद लाट मारतो. त्यात किनाऱ्यावरची खारी हवा निबाला लागते.

कागद पातळ कार्ट्रिज घेऊ नका. २५० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) गुळगुळीत आयव्हरी किंवा ब्रिस्टल घ्या, आणि मेमध्येच, कोरड्या हवेत, पूर्ण मोसमाचा घ्या. दुकानात जुलैत मिळणारा कागद दुकानातच ओला झालेला असतो. घरी आणला की दहा-दहा तावांचे गठ्ठे करून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि झाकण घट्ट बसेल अशा डब्यात आडवे ठेवा. डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत. रंग बदलणारं जेल घेतलं तर ओलं झाल्याचं कळतं. नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, लहान मुलांच्या घरात ते नको. रंग उतरला की पसरट पत्र्यावर १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास भाजून पुन्हा वापरता येतं. स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरू नका.

कामाच्या वेळी एकच ताव बाहेर काढा. त्याच्या कोपऱ्यावर आधी एक रेघ ओढून पाहा. कडेला मिशा फुटल्या तर ताव दोन वर्तमानपत्रांमध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवा, वाफ बंद करून, आणि दहा मिनिटं जड पुस्तकाखाली थंड होऊ द्या. गरम कागदावर लगेच रेघ ओढली तर शाई वरच्या वर सुकून पापुद्रा धरते आणि खोडरबराबरोबर निघून येते. हाताखाली कोरा कागदाचा तुकडा ठेवा. घामाचा तळवा जिथे टेकतो तिथेच शाई फुटते, आणि लोक दोष बाटलीला देतात.

शाई वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकच हवी. फाउंटन पेनची शाई पावसाळ्यात आठवड्याभरानं सुद्धा बोटाला लागते. बाटलीतून थेट निब बुडवू नका. झाकणभर काढून घ्या, उरलेली परत ओतू नका. काम झालं की निब पाण्यात धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवा. दुसऱ्या दिवशी मात्र साबणानं तेल पूर्ण काढा, नाहीतर शाई निबावर थेंब थेंब होऊन बसते आणि पहिल्याच रेघेला डाग पडतो. हा त्रास नको असेल तर पिगमेंट शाईची फाइनलायनर पेनं घ्या : बाह्यरेषेला ०.८ मिलिमीटर, कपड्यांच्या घड्यांना ०.५, सुरकुत्यांना ०.३. याहून बारीक नको. दुप्पट आकारातली ०.१ ची रेघ छापताना ०.०५ मिलिमीटर होते आणि कागदात विरून जाते. सासूच्या सगळ्या सुरकुत्या गायब होऊन ती सुनेच्या वयाची दिसते, आणि अंक हातात आल्यावर कळतं.

मापं : छापील रुंदी १८ सेंटिमीटर असेल तर मूळ ३६ बाय ११. चार चौकटी प्रत्येकी ८.६ च्या, मध्ये अर्ध्या सेंटिमीटरच्या फटी. ए-३ तावावर अशा दोन पट्ट्या एकाखाली एक बसतात. स्कॅन मूळ आकारात ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), ग्रेस्केलमध्ये. निम्म्यावर आणल्यावर तो १२०० होतो आणि रेघ ठाशीव छापते. फाइल टिफ किंवा पीएनजी पाठवा. जेपेगमध्ये अक्षरांभोवती धुरकट कडा येतात, देवनागरीच्या अनुस्वारांना त्याचा पहिला फटका बसतो. आणि स्कॅन त्याच रात्री करून ठेवा. ऑगस्टमध्ये मूळ चित्र ताटकळत ठेवलं तर ठिपक्यांची बुरशी धरतेच.

प्रश्न : दर आठवड्याला विषय कुठून आणायचा? (चिपळूण)

डोक्यातून नाही, आगरातून. किनाऱ्यावरचं वर्ष सासूच्या हातात असतं. कधी काय करायचं हे तिला माहीत असतं आणि सून नोकरीच्या कॅलेंडरवर चालते. इथेच घर्षण आहे. शिमग्याला पालखी दारात यायची आणि त्याच दिवशी सुनेची ऑनलाइन मीटिंग. एप्रिल-मेत आंबा : पेटीतला पहिला आंबा मुलाला, की नातीला, की देवाला? मेमध्ये साठं घालणं. ताटात आटवलेल्या रसाचा थर पातळ हवा हे सांगूनही सुनेनं जाड ओतला, आत ओला राहिला, पाऊस आला. थर जाड झाला की वरून कोरडा दिसतो, मधून आंबतो. या एका साठावर तीन आठवडे निघतील. मृग लागला की गॅस संपणं, लाइट जाणं, छत्र्या कुणी नेल्या.

गणपतीत तर स्ट्रिप स्वतः चालत येतात. उकडीला पाणी मापात, पिठाएवढंच, वर एक चमचा तेल. सून यूट्यूब बघून करते, सासू डोळ्यानं माप घेते. पीठ जुनं, कोरडं असेल तर त्याच मापात पारी चिरते, आणि दोघीही आपापलं माप बरोबर म्हणतात. दोघी खऱ्या आहेत, पीठ वेगळं आहे. गौरी आल्या की नव्या सुनेचा ओवसा, म्हणजे सुपांत वाण भरून गौरीला ओवसणं. कोकणात बऱ्याच ठिकाणी पहिला ओवसा गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या तरच करतात. ज्या वर्षी तो योग नाही त्या वर्षी नवी सून थांबते. लग्नाला दोन वर्षं झाली तरी 'नवी'च असलेली सून आणि सुपांची यादी वाढवत नेणारी सासू, यावर आजवर किती कमी काढलं गेलंय!

मग भातकापणी, तुळशीचं लग्न, मार्गशीर्षातले गुरुवार, दक्षिणेकडे जत्रा आणि दशावतार. वही घ्या, बारा महिने लिहा, प्रत्येकापुढे चार वस्तू. किमान चार स्ट्रिप तयार ठेवल्याशिवाय साप्ताहिकाला होकार देऊ नका. घरात एक आजारपण आलं की हे चार आठवडेच वाचवतात.

प्रश्न : माझ्या स्ट्रिपमधली सासू आमच्या सासूबाईंनी ओळखली. चष्म्याची दोरी आणि तपकिरीची डबी हीच खूण. आता घरात बोलणं बंद आहे. (गुहागर)

आधी घर, मग स्ट्रिप. पुढचे दोन आठवडे सासूचं पात्र गावाला पाठवा. स्ट्रिपमध्ये त्याचं कारणही सांगू नका. घरात "ती तुम्ही नव्हेच" असं म्हणू नका. डबी त्यांचीच आहे, त्यांना दिसतेय, आणि वर खोटं बोलल्याचा दुसरा आळ येईल. "डबी तुमचीच घेतली, विचारायला हवं होतं" एवढंच म्हणा.

नंतर पात्र बदला. ओळख पटते ती शरीरापेक्षा सवयींवरून. डबी, चष्म्याची दोरी आणि तोंडातलं पालुपद या तीनही गोष्टी काढून टाका, अंगकाठी बदला, गाव बदला. त्याऐवजी दोन-तीन ओळखीच्या घरांतल्या सवयी एकत्र करा : एकीचं टॉर्च घेऊन रात्री कुलपं तपासणं, दुसरीचं प्रत्येक पिशवी धुऊन वाळत घालणं, तिसरीचं फोन कानाऐवजी तोंडासमोर धरून बोलणं. अशी जोडलेली बाई कुणाचीच नसते आणि सगळ्यांना आपली वाटते. घरात खरोखर झालेलं भांडण किमान सहा महिने वापरू नका. तोवर त्यातलं कोण चुकलं हे तुम्हालाही वेगळं दिसू लागतं.

पहिली नवी स्ट्रिप छापण्याआधी त्यांना दाखवायची की नाही? परवानगीसाठी नको, पण एखाद्या तपशिलासाठी जरूर. "वाती अशाच वळतात ना?" असं विचारा. चूक काढायला मिळाली की कुठलीही सासू दोन वाक्यं जास्त बोलते.

प्रश्न : सासू सुनेचा पगार दर महिन्याला काढून घेते, असा विनोद एका संपादकांना चालला, दुसऱ्यांनी परत केला. कोण बरोबर? (पेण)

परत करणारे. नाक खुपसणं, टोमणे, स्वयंपाकघराची सीमा, हे घर्षण आहे. पगार हिसकावणं, जेवायला न देणं, माहेरून पैसे आणायला सांगणं, हात उगारणं हे घर्षण नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाच्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळ स्पष्टपणे धरलेला आहे. हसू यावं म्हणून तो काढला तर वाचणाऱ्या एखाद्या सुनेला आपलं दुखणं विनोदाचं आहे असं वाटेल. विषय गंभीरपणे हाताळायचा असेल तर चार चौकटींचं माप अपुरं आहे; दोन पानांची चित्रकथा करा आणि खाली महिला हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक छापायला सांगा. सून स्वतःहून पगाराचं पाकीट देते आणि सासू त्यातून तिलाच रिक्षाचे पैसे मोजून देते, हे मात्र चालेल. तिथे दोघी खेळात आहेत.

प्रश्न : मासिक म्हणतं, "सर्व हक्क आमचे" असं लिहून द्या. सही करावी का? (मालवण)

आहे तशा वाक्यावर नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला देणं लेखी आणि सहीनिशी लागतं, त्यात कुठली कृती, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी आणि किती मोबदला हे यावं लागतं. काळ लिहिलेला नसेल तर तो पाच वर्षं धरला जातो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल तेव्हा तो परत तुमच्याकडे येतो. म्हणून असं सुचवा : या अंकात आणि मासिकाच्या संकेतस्थळावर एकदा प्रसिद्धी, मुदत एक वर्ष, पुस्तक, कॅलेंडर, मग-टीशर्ट, भाषांतर आणि पात्रांचा वापर वेगळ्या करारानं, मूळ चित्र तुमच्याकडे परत.

'करारी सासू आणि नोकरदार सून' या कल्पनेवर कुणाचाच मालकी हक्क नाही. तुमच्या रेघेवर आणि तुमच्या शब्दांवर आहे. दुसऱ्या कुणी कोकणातली सासू काढली म्हणून तक्रार करता येणार नाही, पण तुमचीच सासू, तोच पदर आणि तेच वाक्य उचललं तर येईल. मूळ चित्रांच्या मागे पेन्सिलनं तारीख घाला, पाठवलेल्या ईमेल पुसू नका, आणि मानधन किती दिवसांत मिळणार हेही त्याच कागदावर लिहून घ्या.